चामडं माझ्या मर्जीचं

"तूच बस ना. तुझ्या तर रक्तातच आहे."

आदित्य हे हसत म्हणाला. त्याच्या एका हातात बूटपॉलिशची डबी, दुसऱ्या हातात ब्रश. समोर बुटकं लाकडी स्टूल. रोह्याच्या पुढं, नदीकाठचं फार्महाऊस. भर दुपार. व्हरांड्यात वीसेक माणसं, बहुतेक मुंबई-पुण्याची, सगळी काळ्या चामड्यात. जॅकेट, छातीवर पट्टे, गुडघ्यापर्यंत बूट. आणि मी. पेणची. मीही चामड्यातच होते. माझ्याही पायात बूट होते.

तो बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत, पण बोललंही कुणी नाही. एकानं आपला पाय पुढं केला.

ही माणसं कोण ते आधी सांगते. चामड्याचा स्पर्श, त्याचा वास, ते अंगावर चढल्यावर येणारा ताठा, हे ज्यांना ओढून नेतं, प्रेमात नि शरीराच्या सुखातही ज्यांना ते हवं असतं, अशा बाया-पुरुषांचा हा गट. इंग्रजीत लेदर म्हणतात, फेटिश म्हणतात. मराठीत याला शब्द नाही, शिव्या आहेत. त्यांच्या मेळाव्यात एक जण बाकीच्यांचे बूट चमकवतो. त्याला बूटब्लॅक म्हणतात. त्यांच्यात ती मानाची जागा. ज्याला आवड आहे तो ती स्वतः मागून घेतो.

मी मागितली नव्हती.

मी चांभाराची मुलगी. त्या गटात हे एकाच बाईला माहीत होतं. रेवतीला. ती मुंबईची, वकील. रोह्याला येताना तिची गाडी नि माझी बाईक वडखळला चहाला थांबल्या, तेव्हा तिनं विचारलं, वडील काय करायचे. मी सांगितलं. मैत्रीण म्हणून सांगितलं. पुढच्या दोन तासांत ते आदित्यपर्यंत पोचलं होतं. मी रेवतीकडं बघितलं. ती हसत होती, मला प्रोत्साहन दिल्यासारखी मान हलवत होती. तिला वाटत होतं माझा सन्मानच चाललाय.

माझा बाप पेणच्या बाजारात, एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्याला बसायचा. आम्ही त्याला दादा म्हणतो. खाली गोणपाट, वर छत्री, हातात चामडं टोचायची आरी. लोक चप्पल पायातून काढायचे नाहीत, पायानंच त्याच्या पुढं उडवायचे. दादा ती सरळ करायचा आणि मग कामाला लागायचा. उडवणाऱ्याकडं कधी बघायचा नाही.

मी पाचवीत असताना वर्गात बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. बाईंनी मला नावानं हाक मारली नाही. "ए, इकडे ये. मधल्या सुट्टीत बापाकडून शिवून आण." ती चप्पल उघडीच हातात दिली. एक वर्तमानपत्राचं पान नाही, पिशवी नाही. मी ती दोन्ही हातांत धरून शाळेपासून बाजारापर्यंत चालत गेले. ओळखीचे लोक बघत होते. दादानं शिवली. "कुणाची?" एवढंही विचारलं नाही. परत आणली तर बाईंनी हातातून घेतली नाही. "खाली ठेव," म्हणाल्या. आता चप्पल ती खालीच ठेवायची असते. पण त्यांनी पुढं आलेला हात मागं घेतला, तो मी पाहिला.

त्या दिवसापासून वर्गातल्या पोरी तुटक्या चपला माझ्या दप्तरावर आणून ठेवू लागल्या. आईला सांगितलं. आई म्हणाली, "आनायच्या नि द्यायच्या. बोलायचं नाय काय. शीक नि बाहेर पड गो बाय यातनं."

शिकले. बी.एस्सी. केलं. रोह्याजवळ धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. लग्न झालं, महाडकडचा मुलगा. टिकलं नाही. त्याला बायको खाली बघणारी हवी होती आणि मला खाली बघून कंटाळा आला होता. पेणला परत आले, खोली घेतली, शिफ्टला जायला बाईक घेतली. मग जॅकेट घेतलं. अस्सल चामड्याचं, परत आल्यावरच्या पहिल्या बोनसमधून. गडबच्या नाक्यावर पेट्रोल भरताना एक म्हातारी म्हणाली, "गो, उन्हाची तापत नाय काय?" तापत होते. काढावंसं वाटत नव्हतं.

आता कुणी हुशारी करून सांगू नये की बापाच्या धंद्यातून ही ओढ आली. लोकांना असली कोडी सोडवायला फार आवडतं. साहेबाच्या मुलाला चामडं आवडलं तर ती त्याची आवड. चांभाराच्या मुलीला आवडलं तर तिचं रक्त. नाही. ती ओढ मला तिशी ओलांडल्यावर कळली, एकटी राहायला लागल्यावर. आरशात बघितलं आणि वाटलं, ही बाई कुणापुढं वाकणार नाही. ते वाटणं नुसतं मनात नव्हतं, अंगात होतं. ज्याला कुणाला मला जवळ करायचंय त्यानं या बाईला जवळ करावं, असं वाटलं. यापेक्षा जास्त मी कुणाला समजावणार नाही.

दादानं जॅकेट बघितलं, बाहीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "हे सुटावं म्हणून तुला शिकवली. नि तू पैशे देऊन अंगावर घेतलंस?"

"मी घेतलंय दादा. कुनी टाकलेलं नाय."

तो उठून आत गेला. भाऊ मात्र बोलला. "समाज हे काम सोडायला निघालाय नि हिला मिरवायचंय." त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला.

हा गट मला फोनवर सापडला. मुंबईत एका कॅफेत पहिल्यांदा भेटलो. आदित्यच सगळं चालवायचा. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड. त्यानं नवीन आलेल्यांना नियम सांगितले. मर्जीशिवाय इथं काही होत नाही. आधी विचारायचं, मग हात लावायचा. आणि कुणीही, कधीही 'लाल' म्हटलं की सगळं थांबतं. त्याक्षणी. का म्हणून विचारायचं नाही.

मी तो नियम त्याला परत सांगायला लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पुसलं. आमच्यात जन्मलेल्या बाईला असा शब्द आजवर कुणी दिला नव्हता. म्हटला की समोरचा थांबतो असा शब्द. माझ्या आजीकडं असता तर? आईकडं? मला वाटलं, मिळाली माझी माणसं.

आणि आता त्याच माणसांत, व्हरांड्यात, तो ब्रश माझ्यापुढं होता.

मी बसले.

हे सांगायला मला जड जातं, पण बसले. गुडघे आपोआप वाकले. स्टूल बुटकं होतं, बरोबर दादाच्या उंचीवर आले. समोरचा बूट मांडीवर घेतला. कुणीतरी म्हणालं, "बघा, कसं सहज जमतंय." ब्रश हातात होता. बूट स्वच्छ होता, नवा कोरा. पुसायला त्यावर काही नव्हतंच. त्यांना मला पुसताना बघायचं होतं.

मी बूट मांडीवरून खाली ठेवला.

"लाल."

कुणाला ऐकू गेलं नाही. गाणी चालू होती.

"लाल!" मी ओरडले. "लाल. लाल. थांबवा सगळं."

कुणीतरी गाणी बंद केली. नदीच्या पाण्याचा आवाज यायला लागला. आदित्य गोंधळला. "अगं, पण अजून काही सुरूच झालेलं नाही."

"तुमच्याकडून झालंय. मला विचारलं नाही तुम्ही."

"मी गमतीनं म्हटलं. आणि हा मान आहे आमच्यात, तुला माहितीये."

"मान मागून घेतात. मी मागितला?"

"तू फार ताणतेयस," तो म्हणाला. "इथं जात नसते. आम्ही सगळे जात बाहेर ठेवून येतो."

"तुम्हाला ठेवता येते," मी म्हणाले. "मी कुठं ठेवू, जागा दाखवा. मी तर इथं बोललेही नव्हते. माझी जात आत कुणी आणली? तुम्ही आणलीत. हातात ब्रश देऊन आणलीत."

रेवती पुढं आली. माझ्या खांद्याला हात लावायला गेली, मग थांबली. म्हणाली, "मला खरंच वाटलं तुला अभिमान असेल."

"माझ्या बापाचा आहे. त्याला खाली बसवणाऱ्यांचा नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "मूड घालवला." ते म्हणणारा कोण मला दिसला नाही. पण त्याच वेळी कोपऱ्यातून शमा उठली. शमा रोह्याचीच. जन्मानं मुलगा म्हणून वाढवलेली, आता बाई म्हणून जगते, तिचं ब्यूटी पार्लर आहे. गटात माझ्या आधीपासून. मी तिला कधी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

शमा म्हणाली, "मी पन बोलते मग. दर वेळी मला नाचायला लावता. मला नाचता येत नाय. मला गुडघ्याचा त्रास हाय. तरी तुम्हाला वाटतं, ही आली म्हंजे ही नाचनार. कदी कुनी विचारलं का मला, शमा तुला काय आवडतं? विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला ते बूट पुसायला आवडतात. मनापासून. पन ते काम तुम्ही मला कदी दिलं नाय, कारन तिथं बसलेली बाई तुम्हाला दिसायला बरी पायजे होती."

कुणी हसलं नाही.

त्यांना वाटलं आता मी बॅग उचलून जाईन. तसंच व्हायला हवं होतं त्यांना. मी गेले असते तर संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत. माझा विषय निघाला असता, 'संवेदनशील आहे बिचारी' म्हणून मिटला असता. मी गेले नाही. वेताच्या खुर्चीवर बसले, ज्या खुर्चीवर ते बूट पुसून घ्यायला बसतात. जेवणाची वेळ झाली, जेवले. शमा माझ्या शेजारी बसली. आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या बराच वेळ रिकाम्या राहिल्या. मग एक साठीचा गृहस्थ ताट घेऊन आला नि बसला. म्हणाला, "मला ते फोटोत उभं राहू देत नाहीत. पोट दिसतं म्हणून." इतकंच बोलला आणि वरण-भात कालवायला लागला.

आठवड्यानं आदित्यनं गटावर माफी मागितली. लांबलचक इंग्रजीत. सुरक्षित अवकाश, नकळत दुखावलेल्या भावना, आपण सगळे शिकत आहोत, असं सगळं होतं त्यात. मी ती परत परत वाचली. एक शब्द शोधत होते, तो सापडला नाही. मी खाली लिहिलं, "इंग्रजी मला कळतं. पण माफी मराठीत मागा. मराठीत लिहायला बसाल तर 'जात' हा शब्द चुकवता येणार नाही."

दुसऱ्याच एकाचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. "तुझ्या कंपनीत हे सगळं माहीत आहे का? काळजीपोटी विचारतोय."

काळजी. मला असली काळजी पाचवीपासून ओळखता येते. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पेण केवढंसं, रोहा केवढंसं. बातमीला एसटी लागत नाही. दोन दिवस मी त्या माणसाला काय उत्तर द्यावं याचा विचार केला. मग कळलं, उत्तर त्याला द्यायचंच नाही. त्याच्याकडं जे होतं, मेळाव्यातले माझे चामड्यातले फोटो, ते मी आधीच उघडं करायचं.

दादाकडं गेले. दादा आता बाजारात बसत नाही, डोळे अधू झालेत. ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे बापाला सांगता येतं तेवढं. मला चामडं घालून माणसांत वावरायला आवडतं. असं आवडणारी माणसं असतात, ती भेटतात. त्यातच मला माझा माणूस मिळाला तर मिळेल. आणि तिथं काय झालं ते.

दादानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चामडंच घालून बसली व्हती ना सगली?"

"व्हय."

"नि चामड्यापायीच तुला खाली बसवली?"

"व्हय."

"मंग तू काय केलंस?"

"नाय म्हटलं."

"मोठ्यानं?"

"वरडले, दादा."

त्यानं अधू डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "मी कदी म्हटलो नाय," तो म्हणाला. "एकदा पन नाय. शब्द तोंडात यायचा नि मी गिलायचो." मग त्यानं तोंड फिरवलं. मी त्याला जवळ घेतलं नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. नुसती बसून राहिले. मी उठताना तो म्हणाला, "तुझी ती आवड मला कलत नाय. पन कुनी काय विचाराय आला तर माज्याकडं धाड."

कंपनीत मी माझ्या वरच्या बाईंना सांगून टाकलं, माझे असे असे फोटो कुणी पाठवू शकतं, त्यात बेकायदा काही नाही. त्या कानकोंड्या झाल्या. "वैयक्तिक आहे ना, मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि मग काही दिवस माझ्याशी फक्त सॅम्पलबद्दल बोलल्या. चाललं. मग मी त्या काळजीवाल्याला कळवलं, "माहीत आहे." तो परत बोलला नाही.

चामडं आवडणाऱ्यांच्या आमच्या वेगळ्या बैठका शमानं आणि मी पेणला सुरू केल्या. गणपतीच्या एका कारखान्याच्या वरची खोली, खाली मूर्तींना रंग देतात, वर तो वास येतो. मराठीत बोलायचं, हा आमचा ठराव. आधी आम्ही दोघीच. मग तो साठीचा गृहस्थ ठाण्याहून यायला लागला. वडखळच्या खाडीकडचं एक आगरी जोडपं आलं, मिठागरवाल्यांच्या घरातलं, दोघंही लाजत. गागोद्याच्या बाजूचा एक कातकरी तरुण आला, टेम्पो चालवतो. त्याच्याकडं चामड्याचं काही नव्हतं, एक पट्टा होता फक्त. म्हणाला, "एवढंच हाय. चालंल का?" मी म्हटलं, "बस."

हे गोड गोड चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत पाण्याचा मोठा जार खाली आला. आगरी नवरा सहज त्या टेम्पोवाल्याला म्हणाला, "जा रे, घेऊन ये वर." बाकी कुणाला नाही. त्यालाच. तो उठलाही. त्याचे गुडघे कसे आपोआप हलले ते मी बघितलं. मी म्हटलं, "तू बस. आनि भाऊ, तुमी सांगा, यालाच का सांगितलंत?"

आगरी नवरा चिडला. "आता पानी पन मागायचं नाय काय? सवय हाय, तोंडातनं गेलं."

"सवयच म्हनते मी."

त्याची बायको त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला नि म्हणाली, "चला, आपन दोघं आनू." तो धुसफुसत गेला. पुढच्या भेटीला आला नाही. त्याच्या पुढच्या भेटीला आला. आला, बसला, टेम्पोवाल्याला म्हणाला, "कसा हायस?" एवढंच. तेवढ्यासाठी मला सगळ्यांसमोर टोकावं लागलं होतं, आणि पुढंही टोकावं लागेल. आपली माणसं असली म्हणून आपोआप काही होत नाही.

गेल्या महिन्यात आदित्यचा फोन आला. आवाज तोच, गोड. मुंबईत मोठा मेळावा घेणार आहेत. गट आता सगळ्यांना सामावून घेणार आहे, म्हणाला. "तुझा अनुभव मंचावर सांगशील? दहा मिनिटं. लोक हेलावून जातील."

"नाही," मी म्हटलं.

"अगं पण तुझाच आवाज—"

"माझी जात ऐकून तुम्ही हेलावणार, टाळ्या वाजवणार आणि मी खाली उतरणार. नको. मंच नको मला. मेळावा कुठं घ्यायचा, कुणाला आत घ्यायचं, नियम काय करायचे, हे कुठं ठरतं?"

"ती समिती आहे. आम्ही पाच जण."

"तिथं बसेन. मी आणि शमा. दोघी."

तो म्हणाला, विचार करून कळवतो. कळवायला बरेच दिवस लावले. मग आला निरोप. दोघी या. सोबत एक सूचना होती: पहिल्या बैठकीत नुसतं ऐकून घ्या, पद्धत समजेल.

पद्धत मला समजलेली आहे.

येत्या रविवारी बैठक. शमानं सुट्टीची पाटी रंगवून घेतलीय पार्लरसाठी. मी शिफ्ट बदलून घेतली. आम्ही जाऊ, आणि बसल्याबसल्या पहिला विषय मी काढणार आहे. गटाच्या नियमांत जात हा शब्द लिहायचा. जात, स्पष्ट, मराठीत. अवकाश नाही, संवेदना नाही. कुणाचा जन्म बघून त्याला काम, जागा किंवा भूमिका द्यायची नाही, दिली तर तो बाहेर, मग तो संस्थापक का असेना. ते म्हणतील, पुढच्या बैठकीत बघू. मी म्हणेन, आज. ते म्हणतील, मत घेऊ. घ्या. पाच विरुद्ध दोन हरू. मग त्याच्या पुढच्या बैठकीला मी परत तोच विषय काढीन, आणि तिच्याही पुढच्या. मला घालवायचं असेल तर माझं नाव घेऊन, कारण लिहून घालवावं लागेल.

आपणहून मी उठणार नाही.